भाऊबीजेची साडी

ज्योती ओवाळायच्या ताटातल्या दिव्याची वात पुढं सारत होती, तेवढ्यात कर्ण्यातून तिचं नाव आलं. नुसतं नाव नव्हे. गंगाभागीरथी ज्योती वाल्मिक.

तिचं बोट वातीवरच राहिलं. चटका बसला तेव्हा हललं.

मारुतीच्या पारापुढं मांडव घातला होता, सनईची कॅसेट लावली होती. दर भाऊबीजेला गावचे पुढारी काकासाहेब गावातल्या नवरा गेलेल्या बायांकडून ओवाळून घ्यायचे आणि एकेकीच्या हातावर साडी अन् फराळाचा पुडा ठेवायचे. ज्योती आली होती ती सासूचं ताट धरायला. लंकाबाईच्या हातांना कंप होता. ज्योतीचा नवरा वाल्मिक तीन वर्षांमागं ऊसतोडीच्या टोळीतून कुठं निघून गेला, ते कुणालाच कळलं नव्हतं. पण तो मेला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. ज्योतीच्या कपाळावरचं कुंकू एक दिवस चुकलं नव्हतं. काल पाडव्यालाही तिनं रिकामा पाट मांडून ओवाळलं होतं.

बायांच्या माना वळल्या. पुटपुट झाली, थांबली.

“माझं नाव कुनी दिलं?” ज्योतीनं सासूला विचारलं.

“म्या.”

“जिता का मेला ठावं न्हाई, अन् सगा लेक मारून टाकला व्हय, आत्याबाई?”

लंकाबाई मांडवाच्या खांबाकडं बघत राहिली. बोलली ती जणू त्या खांबालाच.

“ठावं हाय. औंदाच्या होळीला बघितला म्या त्याला, मढीच्या जत्रंत. रेवड्या घेत हुता. संगं बाई हुती. कडंवर वर्साची पोर. मला बघितलं अन् गर्दीत शिरला.”

“अन् तुमी घरी येऊन परसाद वाटला.”

“वाटला. जीभच उचलंना, बाई. काल तू त्या पाटाम्होरं दिवा घेऊन हुबी राहिलीस. मग ही म्हातारी उठली अन् नाव देऊन आली.”

कर्ण्यानं नाव पुन्हा घेतलं. ज्योतीनं ताट उचललं.

काकासाहेबांपुढं ती उभी राहिली, तीनदा ओवाळलं. काकासाहेबांनी हसून साडी पुढं केली आणि त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली. ते घोटाळले. यादीवाल्याकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. फोटोवाला मोबाईल धरून तसाच थांबला. मग काकासाहेबांनी आवाज उतरवून, पाठच्या भावानं विचारावं तसं विचारलं,

“दाजी कधी गेले, ताई?”

ज्योतीनं साडी दोन्ही हातांत घेतली.

“होळीला,” ती म्हणाली. “मढीच्या जत्रंत.”

मागं बायांमध्ये लंकाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारची सरकून जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, पोटचा गेलेल्या आईच्या पाठीवर ठेवतात तसा.