सुकाणूला लावलेला हात

लिजीचं नाव निघालं की विलासिनीचा नुसता जळफळाट व्हायचा. का नाही होणार? केरळच्या कुट्टनाडातल्या त्यांच्या बायकांच्या शर्यतीच्या नावेचं सुकाणू वर्षानुवर्षं तिच्या हातात. आणि ही लिजी काल लग्न होऊन आली, तर सगळ्या जणी तिच्यामागे वेड्या. तिला करिमीन मासा आवडत नाही, तर ह्या बयांनाही काटे टोचायला लागले! शेवटी सुकाणूचं वल्हंही तिलाच दिलं आणि विलासिनीला मधल्या फळीवर बसवलं, वर मान दिल्यासारखं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या जणी पुढारीण पोन्नम्मा-चेचीच्या, म्हणजे पोन्नम्माताईच्या, अंगणात जेवायला जमल्या. लिजी डाव्या हातानं कालवण वाढत होती. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. केस बांधायलासुद्धा तिनं जावेला हाक मारली. विलासिनीनं ते बरोबर हेरलं. बोलावं का? बोललं तर म्हणतील, जळते मेली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं, पडू दे उद्या तोंडावर, मग येतील माझे पाय धरायला.

जेवणं झाल्यावर रिवाजाप्रमाणे चेचीनं सुकाणूचं वल्हं मधोमध आडवं ठेवलं. उद्या सुकाणू लिजीकडे, हे मान्य असेल तिनं हात लावायचा. एकीनं जरी हात मागे घेतला, तरी पुन्हा विचार व्हायचा. पण आजवर कुणी घेतला नव्हता, आणि त्या एकजुटीचं ह्यांना कोण कौतुक. भराभर हात पडले. लिजीनंही लावला. सगळ्यात शेवटी विलासिनीनं लावला आणि वर हसून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत लिजीच्या हातून वल्हं सुटलं. नाव आडवी फिरली, शेजारच्या नावेवर आदळली आणि बुडाली. बाकीच्या पोहून बाहेर आल्या, लिजीचा खांदा मात्र निखळला. डॉक्टर म्हणाले, आता वल्ह्याचं नाव काढू नका. मग एकेकीला कंठ फुटला. हिला दिसलं होतं, तिला संशय आला होता. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सुकाणू परत विलासिनीकडे आलं. ती लिजीची विचारपूस करायला गेली. खरं म्हणजे बघायलाच गेली.

"दुखत होतं तर हात कशाला लावलास गं?" तिनं विचारलं.

"सगळ्या एवढी माया करतात, चेची. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू?" लिजी म्हणाली. "वाटलं, तुमचा तर माझ्यावर राग आहे, तुम्ही नक्की अडवाल. मी तुमच्याच हाताकडे बघत होते."