कुंभार्ली घाटातली कंडक्टर

रेश्मा कदमला कुंभार्ली घाटाची वळणं पाठ होती. एसटीत कंडक्टर होऊन तिला अकरा वर्षं झालेली, त्यातली सात कराड-चिपळूण गाडीवर. घाट लागला की भलेभले दांडी धरून बसत. ही मात्र खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवून पुढून मागं, मागून पुढं फिरत राहायची. ड्रायव्हर लालासाहेब म्हणायचे, "ह्या बाईचं पाय गाडीला जळवांगत चिकटत्यात!"

यंदा शिमग्याच्या गर्दीत एका म्हातारीची फणसांची पिशवी वर ठेवायला ती वाकली आणि कंबरेत कळ आली, अशी की तिला सरळच होता येईना. लालासाहेबांनीच तिला धरून सीटवर बसवलं.

एमआरआय झाला. मणक्यांमधली एक गादी जराशी फुगलेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम हवा. पण त्या बोलण्यापेक्षा आल्यागेल्यांचे सल्लेच तिच्या मनात बसले. वाकू नको, उचलू नको, हलू नको. तीन महिन्यांत रेश्मा कंबरेला पट्टा आवळून खांबासारखी चालू लागली. चमचा पडला तरी सासूला हाक मारायची. डेपोतून निरोप आला, की हवं तर कायमचं ऑफिसात टेबलावर काम देऊ. सगळ्यांना हायसं वाटलं. रेश्मा तेवढी न्हाणीघरात जाऊन रडून आली.

शेवटी कराडच्या शिवांजली मोहितेकडं तिचं नाव नोंदवलं गेलं. ही फिजिओथेरपिस्ट तिशीची, बारीक चणीची. तिनं आधी तासभर नुसते प्रश्न विचारले: पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, झोप लागते का. मग पाय उचलून पाहिले, गुडघ्यांवर हातोडी वाजवली आणि म्हणाली, "ताई, पट्टा काढा."

"आवं, पट्टा काढला तर मी मोडंन की!"

"नाही मोडत. तुमची पाठ धडधाकट आहे, फक्त भ्यायलेली आहे."

ती जे शिकवणार होती त्याला पिलाटेस म्हणतात, श्वासाच्या लयीत पोट-पाठीला बळ देणारे सावकाश व्यायाम. रेश्माला वाटलं, काहीतरी अवघड कसरत असणार. शिवांजलीनं तिला चटईवर उताणं निजवलं, गुडघे दुमडायला लावले आणि सांगितलं, "श्वास सोडत ओटीपोट हलकं आत घ्या. आता एक पाऊल वीतभर उचला. कंबर मात्र जागची हलता कामा नये."

रेश्मा हसली. पाऊल उचललं, आणि अख्खी कंबर त्या बाजूला कलंडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाचव्या खेपेला कपाळावर घाम आला. अकरा वर्षं हलत्या गाडीत तोल सांभाळणाऱ्या बाईला निजल्या जागी एक पाय सांभाळता येईना! आता मात्र ती इरेला पेटली.

घरी रोज सकाळी चटई पडू लागली. सासू अंबूबाई दारात उभी राहून म्हणायची, "झोपून पाय हलवायचं, ह्याला व्यायाम म्हणत्यात व्हय?" आठवड्याभरानं तिनंही शेजारी पटकूर अंथरलं. "माजी बी कंबर धरतीया गं. दाव कसं ते."

महिन्याभरात रेश्माला एकेक मणका उचलत कंबर वर नेता येऊ लागली. मग हात-गुडघे टेकून ओणवं होऊन उजवा हात, डावा पाय लांबवणं आलं. एके दिवशी शिवांजली म्हणाली, "तुम्ही गाडीत उभ्या कशा राहता, ते मला बघायचंय." आणि खरोखरच ती रेश्माला घेऊन लालासाहेबांच्या गाडीत बसली. घाटात रेश्मा उभी राहिली तशी ती एकटक बघत राहिली.

"वळण आलं की तुम्ही श्वास कोंडता. आणि सगळा भार डाव्या पायावर टाकता. कधीपासून?"

हे रेश्माला कधी जाणवलंच नव्हतं. तेव्हापासून डाव्या-उजव्या पायावर भार पेलण्याचे, वळून हात लांबवण्याचे व्यायाम सुरू झाले, अगदी तिच्या कामाला बेतलेले.

नवरात्राआधी मात्र तिनं घोळ केला. बरं वाटतंय म्हणून एका दमात सात गोधड्या नदीवर धुतल्या. दुसऱ्या दिवशी उठता येईना. तिनं फोन लावला, "मॅडम, संपलं सगळं. परत पयल्यासारकं झालं."

"पायात काही उतरतंय का? मुंग्या?"

"न्हाई."

"मग संपलं काही नाही. चढ लागला की गाडी खालच्या गियरवर घेतात ना? तसंच करा. दोन दिवस हलके व्यायाम, पण बंद नाही. आणि गोधड्या दिवसाला दोनच."

चौथ्या दिवशी दुखणं ओसरलं. त्या चार दिवसांनी रेश्माला जे दिलं, ते इतक्या महिन्यांच्या व्यायामानं दिलं नव्हतं. दुखणं येतं आणि जातं, त्यानं आपण मोडत नाही, हे तिला आतून पटलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीनं ती पुन्हा गाडीवर चढली. घाटाच्या तिसऱ्या वळणाला समोरून ट्रक अंगावर आला. लालासाहेबांनी करकचून ब्रेक दाबला. पुढच्या सीटजवळ लेकरू कडेवर घेऊन उभी असलेली बाई धडपडली. रेश्मा वळली, वाकली आणि दोघांना एका हातानं सावरून धरलं. श्वास मोकळा, भार दोन्ही पायांवर. सगळं झाल्यावर तिला कंबरेची आठवण झाली. कंबर जरा कुरकुरली आणि गप्प बसली.

"लागलं काय गं?" लालासाहेबांनी आरशातून विचारलं.

"न्हाई. चला तुमी."

दुसऱ्या दिवशी डेपोतल्या साहेबांनी तिला बोलावून टेबलाचा विषय पुन्हा काढला.

"साहेब, ते दुसऱ्या कुणाला तरी द्या," रेश्मा म्हणाली. "मला बसून काम करायचा लय कंटाळा येतो." आणि मशीन खांद्याला अडकवून ती फलाटाकडं निघाली, चिपळूणची गाडी लागली होती.