तलावाच्या मधोमध माझं दुकान

"मावशी, नकाशा त पाण्यात दाखवून राहिला!"

"मंग पाण्यातच आहो मी. मान वर कर न जरा."

तलावाच्या पाळीवर, बांधावर, हेल्मेटवाला एक माणूस फोन कानाला लावून उभा होता. मी डोंग्यातून हात हलवला. त्यानंही हलवला. मग म्हणाला, "हो, पण दुकान कुठं आहे?"

आता याला काय सांगावं? मी फोन कमरेला खोचला आणि पुढची वेल उलटी केली.

चाळीस वर्षं मी या तलावात शिंगाडे लावते, तोडते, उकडते आणि कारध्याच्या रस्त्यावर टोपलं मांडून विकते. दुकान कुठं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. हा सगळा ताप भोजराजमुळे. भोजराज आमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव, माझ्या चुलत दिराचा मुलगा. कोजागिरीच्या आधी ओट्यावर येऊन बसला आणि माझ्याच हातचे शिंगाडे सोलता सोलता म्हणाला, "काकू, शिंगाडा आता कोण खाते वो? तुमच्या वेलीत जाळं अटकते. पुढल्या सालापासून पुरा तलाव मच्छीलेच ठेवू म्हणतो."

"कोण खाते म्हंते? मंग तू काय खाऊन राहिला?"

"मी त घरचा आहो. गिऱ्हाईक कुठं आहे?"

"दाखवीन तुले गिऱ्हाईक."

"दाखवा. महिन्याभरानं सभा आहे, तवा पाहू."

माझी सून ज्योत्सना दवाखान्याच्या आशा सेविकेचं काम करते. तिचं सगळं काम फोनवर. तिला म्हटलं, माझी जाहिरात टाक. टाकली. नाव इंग्रजीत, फोटोत हिरवेगार शिंगाडे आणि ते धरलेला एक गोरापान हात, नखं लाल.

"हा हात कोनाचा?"

"इंटरनेटवरचा आहे, आई. ब्रँडिंग म्हणतात याले."

"ज्या हाताले कधी काटा रुतला नाही, तो माझे शिंगाडे कायले विकते?"

"मंग तुमीच करा!" असं म्हणून तिनं माझ्या मुलाचा, मुन्नाचा, जुना फोन माझ्यापुढे आदळला.

केलं मीच. तिसरीपर्यंत शिकले आहे, अक्षराला अक्षर जोडून वाचता येतं. फोनला माझा अंगठा मात्र ओळखता येईना. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या गेल्या आहेत. मग चार आकडे दाबून उघडायला शिकले. नाव दिलं 'रेवताबाई शिंगाडेवाली'. फोटो टाकला उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांच्या ढिगाचा, शेजारी माझा हात, आहे तसा. मग फोननं विचारलं, तुमचा व्यवसाय कुठे आहे? मी तेव्हा डोंग्यात होते, तलावाच्या मधोमध. म्हटलं, खरं तेच सांगावं. 'सध्याचं ठिकाण' दाबून टाकलं.

त्या दिवसापासून जिवाला घोर. फोटोखाली भाव ठळक लिहिलेला, तरी दहा जण विचारतात, 'रेट?' लिहून पाठवला की नुसता अंगठा दाखवतात. घ्यायचे नाहीत तर अंगठा कशाला? एकजण म्हणतो, नागपूरला घरपोच आणाल का, अर्धा किलो. एकानं लिहिलं, 'काळे काहून आहेत? सडले का?' मी बोलून उत्तर धाडलं, "उकडले आहेत, बावा. हिरवे पायजे त उतर तलावात."

ज्योत्सनानं कपाळावर हात मारला. "आई, गिऱ्हाइकाशी असं बोलत नाहीत!"

"मंग काय फोनच्या पाया पडू?"

त्या हेल्मेटवाल्यानं तर मला पाचातले तीनच तारे दिले. खाली लिहिलं, 'शिंगाडे एकदम गोड. मावशी भांडते.' दोन तारे भांडणाचे कापले म्हणे. दोन किलो तोलल्यावर वरून ओंजळभर टाकले होते मी त्याला, ते नाही लिहिलं.

पण लोक येऊ लागले. पाळीवर उभे राहून मला हाका मारू लागले. सभेच्या रविवारी तर मी पहाटेच उठून दोन मोठी पातेली उकडली आणि पाळीवर, सोसायटीच्या खोलीसमोरच मांडली. अकरा वाजेपर्यंत चार मोटारी आणि नऊ मोटारसायकली आल्या. भोजराज दारात उभा राहून मोजत होता. मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल असा भाव सांगत होते.

तेवढ्यात जवाहरनगरहून आलेली एक बाई पुढे झाली. सोबत तीन पोरं.

"मावशी, बोटिंगचं तिकीट कुठं मिळते?"

"कायचं बोटिंग?"

"नकाशात दुकान पाण्याच्या मधात दाखवते न? आमाले वाटलं, बोटीनं जा लागते."

"आमालेही तेच वाटलं," मागून आणखी एकजण बोलला.

तोवर तिची पोरं माझ्या डोंग्यात चढून फोटो काढू लागली होती. शिंगाडे तिनं पाव किलो घेतले. तेही फोटोत धरायला.

मी मान वर केली. भोजराज हसत होता.

सभेत सत्तावीस हात वर झाले. सगळे आपलेच. माझे शिंगाडे चोरून खाल्ले म्हणून ज्यांचे कान मी पिळले होते, ती पोरं आता मिशा ठेवून बसली होती. ठराव झाला: पुढल्या सालाची वाट न पाहता वेली आत्ताच काढायच्या, तलावात मच्छी सोडायची आणि उन्हाळ्याआधी दोन बोटी आणायच्या.

"मानलं तुमाले, काकू," भोजराज म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "गिऱ्हाईक तुमीच आणलं. आमाले हे सुचलंच नसतं. तिकिटं फाडाले तुमीच बसा, खुर्ची देतो."

"चाळीस वर्सं डोंग्यात बसली मी, भोजराज. खुर्चीत माझी कंबर दुखते."

तीन दिवसांत त्यांनी वेली ओढून पाळीवर टाकल्या. उन्हात त्या काळ्या पडल्या. तरी माझा फोन वाजतच होता. एका संध्याकाळी ज्योत्सना मला शोधत पाळीवर आली आणि शेजारी टेकली.

"आई, लोक उगाच चकरा मारून राहिले. ते ठिकाण तरी काढून टाका." तिनं फोनमध्ये काहीतरी उघडून माझ्या हातात दिलं.

मी एकेक अक्षर जोडत वाचलं. 'हा व्यवसाय कायमचा बंद झाला आहे का?' खाली 'होय' आणि 'नाही'.

समोर तलावात नुसतं पाणी होतं. फोनमधल्या तलावात मात्र मधोमध लाल खूण होती आणि तिच्यावर माझं नाव.

मी 'नाही'वर अंगठा ठेवला. फोनला कळलं नाही. अंगठा पदराला पुसून पुन्हा दाबला. तरी नाही. ज्योत्सनानं हात पुढे केला, तो मी बाजूला सारला.

तिसऱ्यांदा कळलं.