गाजरवालीची सासू

बेकरीवाल्या बाईंना सून मिळाली ती शिकलेली, गुणी, पण स्वच्छतेचं भारी वेड असलेली. प्रयोगशाळेत काचेच्या चंबूंत ती गाजराच्या पेशी वाढवायची, म्हणून गल्लीने तिचं नाव पाडलं गाजरवाली. सासूबाईंना ते मेलं नाव ऐकलं की कानकोंडं व्हायचं.

त्या पेशींतून इवली रोपं निघायला हवी होती. निघत होते नुसते गोळे. प्रयोगशाळेच्या मॅडमनी सांगून टाकलं होतं, आणखी एकदा फसलं की हे काम बंद.

त्यातच सुनेने एक दिवस मदत म्हणून बेकरीतलं पिठाचं भांडं घासून लख्ख केलं. झालं! त्यात जुन्या पिठाचा आंबट गोळा राखलेला असायचा, त्याच्यावरच रोजचं नवं पीठ फुगायचं. दुसऱ्या दिवशी पाव म्हणून दगड निघाले.

"अगं, घाण नव्हती ती!" सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळा जीव त्यातच होता! जुनं दिसलं की फेकलंच!"

सून त्या लख्ख भांड्याकडे टक लावून बघत राहिली. "आई, पेशीसुद्धा मी अशाच धुते हो. जुनं पाणी ओतून देते, नवं घालते."

आणि चहा तसाच टाकून पळाली की प्रयोगशाळेत!

प्रयोगाच्या निकालाच्या दिवशी तिने सासूबाईंना हट्टाने बोलावलं. दारावर रखवालदाराने विचारलं, "आपण कोण?"

"बेकरीवाली," त्या म्हणाल्या. गाजरवालीचं नातं सांगायला जीभ रेटेना.

आत टेबलावर तीन बशा होत्या. पहिलीत नवं पाणी, आणि तेच ते गोळे. सून मॅडमना सांगू लागली, "पेशी स्वतःच पाण्यात प्रथिनं सोडतात. त्या प्रथिनांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, म्हणून ती ग्लायकोप्रोटीनं. मी तीच धुऊन टाकत होते. दुसऱ्या बशीत ती परत घातली. तिसरीतही घातली, पण साखर कापून."

दुसऱ्या बशीत हिरवेगार कोंब होते, खाली केसाएवढी मुळं. तिसरीत पुन्हा गोळे.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या वर बघेचनात. सासूबाईंचा जीव टांगणीला.

"तिसरीत प्रथिन कमी तर नाही ना पडलं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, दोन्हींत सारखंच. फरक फक्त साखरेचा."

"म्हणजे साखर गेली की प्रथिन असून नसल्यासारखं," मॅडम हसल्या. "शाब्बास! काम चालू ठेव. पण हे सुचलं कसं गं?"

"बोलणी खाऊन," सून म्हणाली आणि तिने सरळ सासूबाईंकडे बोट दाखवलं.

सगळी खोली वळून बघू लागली. काय करावं ते न सुचून सासूबाईंनी उगाच पदर सारखा केला. आपली सून! आपल्या घरातली! त्यांचा ऊर नुसता भरून आला होता.

बाहेर पडताना रखवालदार म्हणाला, "निघालात का, बेकरीवाल्या बाई?"

"बेकरीवाली तिकडे, दुकानात," त्या थांबून म्हणाल्या, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "इथे मला गाजरवालीची सासू म्हणायचं!"