बिनबुडाची आगबोट

"परत टेबल अडवलंस! बोंबील काय आता तुज्या आगबोटीवर निवडू?"

नलूबायची ही कुरकुर मी रोज अगदी कानाशी ऐकते आणि रोज शरमते. कारण मित्रांनो, ती आगबोट म्हणजे मीच. वय फार नाही माझं. पण प्लॅस्टिकवर धूळ बसली की ते लवकर म्हातारं दिसतं.

माझा जन्म खोक्यातला. माझे सगळे अवयव एका करड्या चौकटीला चिकटलेले होते. तारापूरच्या कोळीवाड्यातल्या कुंदनने, म्हणजे नलूबायच्या मुलाने, ते नेलकटरने एकेक करून सोडवले, पॉलिश कागदाने घासले, टूथपिकच्या टोकाने रंगवले. दोरासाठी त्याने उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरली आणि मऊ होताच अलगद ताणली. केसाहून बारीक दोर निघाला. जाळं विणणारा हात तो! बोईसरच्या कंपनीतले त्याचे सोबती मला बघून म्हणाले, "भाई, एकदम असली लगता है!" तेव्हा मी फुगले होते, खोटं का बोलू?

पण मला पाण्याखालचा भागच नाही. टेबलावर ठेवलं की बोट पाण्यावर तरंगतेय असं वाटावं, म्हणून आमच्या जातीला वरचाच अर्धा देतात. खाली सगळं सपाट. शेजारच्या शकूने एकदा मला उलटं केलं आणि ती हसतच सुटली. "अगो बाय, हिला बूडच नाय! बिनबुडाची!" दर्यावर जगणाऱ्यांच्या घरात याहून मोठी नामुष्की ती कोणती?

कुंदनचंही काहीतरी असंच झाकलेलं होतं. मागच्या हंगामात त्यांची होडी लाटेत कलंडली. तो जाळ्याच्या बोयाला धरून तरंगत राहिला. दुसऱ्या होडीने त्याला उचललं. किनाऱ्यावर आला तो थेट कंपनीच्या नोकरीलाच लागला. घरात सगळे म्हणत, "त्याची पाठ धरते." विचारणाऱ्याला पाठ, न विचारणाऱ्यालाही पाठ. दर्याचा विषय निघाला की कुंदन मान खाली घालून माझ्यावर रंगाचा आणखी एक हात देई.

यंदा नारळी पौर्णिमेला मात्र ही पाठ पुरणार नव्हती. कुंदनचे वडील खंडेराव जन्मभर होडीचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, पण आता त्यांचे गुडघे गेले. होडी कुंदन नेणार की परक्याच्या हाती द्यायची, हे विचारायला खलाशी घरी येऊन बसले होते.

चहा उकळेतो नलूबायला मायेने एक सुचलं. "पोराने केलेली हाय, हिची बी पूजा करू." तिने माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि परातीत पाणी घेऊन मला त्यात सोडलं.

"आये, नको!" कुंदन ओरडला, तोवर मी पाण्यात होते. बूड नाही, वजन नाही. गपकन आडवी झाले.

होडीची बोलणी चाललेली, सणाचा दिवस, आणि बोट कलंडली! मला उचलायला कुंदनचा हात पुढे आला आणि परातीच्या काठावरच थांबला. चार बोटं पाणी, मित्रांनो! सगळ्यांनी ते पाहिलं, आणि लगेच सगळे दुसरीकडे बघू लागले.

आमच्यासारख्यांची धूळ मऊ कुंचल्याने पुसावी, हे तर मी सांगेनच. पण एवढंही ऐका. कुणी आपली एक बाजू झाकून ठेवली असेल, तर हसण्यासाठी त्याला उलटं करू नका; आणि मायेपोटीसुद्धा न विचारता पाण्यात सोडू नका.

"पाठ लय धरते ना त्याची, म्हणून जरा..." नलूबायने खलाशांकडे बघत सुरुवात केली.

"पाठ-बीठ काय नाय." खंडेरावांनी वाकून मला पाण्यातून काढलं आणि आपल्या सदऱ्याला पुसलं. "भितो तो दर्याला. आन् त्याला धाडायला मी बी भितो."