पुतळाबाईंच्या डाव्या कानाशी

मी एक गिटार बोलतेय. आता बोलतेय म्हणजे काय, माझ्या काही तारा तुटल्या आहेत आणि उरलेल्या सैल पडल्या आहेत, तेव्हा जमेल तसं बोलते. येरमाळ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका खेड्यात, ज्ञानोबांच्या घरातल्या खुंटीवर माझा मुक्काम आहे. शेजारच्या खुंटीला एक छत्री असते. पाऊस नसल्यामुळे तिलाही काम नाही, म्हणून आमचं दोघींचं बरं जमतं.

माझा जन्म कलकत्त्याचा. तिथल्या कारखान्यात माझ्याबरोबर घडलेल्या बाकीच्या गिटारी भरल्या अंगाच्या, रुंद कमरेच्या होत्या. मला मात्र कारागिरांनी शाळकरी पोरांच्या मापाची केली. पुढे रेल्वेने मी सोलापूरला एका वाद्यांच्या दुकानात आले आणि तिथे बरेच दिवस धूळ खात पडले. गिऱ्हाईक यायचं, मोठ्या गिटारी हाताळायचं आणि माझ्याकडे बघून विचारायचं, "ही काय खेळण्यातली आहे का?" मला फार राग यायचा. सहा तारा मलाही होत्या. पण दुकानात लटकलेल्या वस्तूच्या रागाला कोण विचारतो?

एका दुपारी दुकानात चार माणसं आली. पायांत धुळीने भरलेल्या वहाणा, एकाच्या खांद्यावर ढोलकीची पिशवी. ती गायन पार्टी होती. बाबासाहेबांच्या जयंतीला, बुद्धपौर्णिमेला ही मंडळी गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करायची. ढोलकीवाले नानासाहेब पार्टीचे म्होरके होते. गाणाऱ्या बाई म्हणजे पुतळाबाई. आणि त्यांचे यजमान ज्ञानोबा, ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट चालली होती, ते आपला उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवून दाराशी उभे होते. चौथा माणूस होता नानासाहेबांचा टाळ वाजवणारा भाऊ.

ज्ञानोबा मूळचे पेटी वाजवणारे. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर दगड उचलताना त्यांचा उजवा हात धोंड्याखाली सापडला. दवाखान्यात हात वाचला, पण बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं. पुढे घरी त्यांनी पेटी उलटी मांडून डाव्या हाताने वाजवून पाहिली, पाय लावून भाता ओढून पाहिला, काही जमलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की गिटार नावाचं वाद्य असतं, त्यात सूर दाबायचं काम डावा हात करतो आणि उजव्याला नुसतं छेडायचं असतं. तेवढ्या ऐकीव माहितीवर पार्टीने वर्गणी काढली आणि ज्ञानोबांना सोलापूरला आणलं.

दुकानदाराने आधी मोठी गिटार काढून दिली. ज्ञानोबांनी ती घेऊन सरळ जमिनीवर मांडी घातली.

"अहो, खुर्ची देतो ना," दुकानदार म्हणाला.

"खुर्ची नगं. आमी बसून वाजवणार. स्टेजवर सतरंजी असती आमच्या."

मांडी घालून बसल्यावर त्या मोठ्या गिटारीचं पोट ज्ञानोबांच्या थेट काखेत गेलं. त्यावरून हात पलीकडे टाकला तर अंगठा तारांपर्यंत पोचेना. त्यांनी कूस बदलली, मांडी बदलली, तरी हात वरच्या वर लोंबत राहिला. दुकानातली माणसं बघत होती. ज्ञानोबांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी गिटार खाली ठेवली.

"चला," ते उठत म्हणाले, "उगं वेळ घालवायलाव."

तेव्हा पुतळाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "अवो दादा, ती बारकी काढा की."

मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि ज्ञानोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा हात माझ्यावरून सहज पलीकडे उतरला आणि अंगठा नेमका तारांवर येऊन टेकला. पुतळाबाई हळूच गुणगुणू लागल्या. ज्ञानोबा डाव्या हाताने माझ्या खुंट्या पिळत माझ्या तारा बाईंच्या आवाजाशी जुळवू लागले. गिटार अशी जुळवत नाहीत हे दुकानदाराला माहीत असावं, कारण तो आधी हसला. पण सगळ्या तारा बाईंच्या 'सा' आणि 'प' मध्ये लागल्या आणि ज्ञानोबांनी अंगठा फिरवला, तेव्हा तोही पुढे वाकून ऐकू लागला. त्या बंद खोलीत मी अशी भरून वाजले की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला निवडलं होतं. मला रडू येण्यासारखं झालं होतं.

"वाजते गोड," दुकानदार म्हणाला, "पण अंग लहान आहे हिचं. खोलीत ठीक, मैदानात दमेल."

"आमच्याकडं भोंगा हाय की!" नानासाहेब म्हणाले आणि सगळे हसले. दुकानदाराचं बोलणं तिथेच राहिलं आणि आम्ही एस. टी. पकडली.

जयंतीचा पहिला कार्यक्रम मला अजून आठवतो. विहारासमोरच्या पटांगणात, पार मागे गावाच्या वेशीपर्यंत, ही गर्दी! सतरंजीवर ज्ञानोबा, त्यांच्या उजव्या हाताला अगदी खेटून पुतळाबाई, पलीकडे नानासाहेबांची ढोलकी. ढोलकीच्याही पलीकडे व्यंकट नावाचा एक नवा तरुण पेटीवर बसला होता, कारण पेटीशिवाय लोकांना गाणं गाणं वाटत नाही. माइक एकच होता. तो माझ्यासमोर धरला की भोंगा किंचाळायचा. भोंगेवाल्याने दोनदा प्रयत्न केला, कानावर हात ठेवले आणि माइक उचलून पुतळाबाईंपुढे नेऊन ठेवला. मग ढोलकी सुरू झाली आणि माझं मरण ओढवलं. मी जीव तोडून वाजत होते. माझा आवाज सतरंजीच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथेच संपत होता.

कार्यक्रम संपल्यावर ज्ञानोबांनी नानासाहेबांना विचारलं, "नाना, माझं वाजवणं आलं का वो लोकांपर्यंत?"

नानासाहेबांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. भला माणूस तो, त्याला राहवलं नाही. "लई झ्याक ज्ञानबा! पार मागं येशीपर्यंत येत होतं."

ज्ञानोबांचा चेहरा असा उजळला की नानासाहेबांना ते बोलणं परत घेता येणं शक्यच नव्हतं. दया येऊन माणूस पहिल्यांदा खोटं बोलतो तेव्हा त्याला जड जातं. पुढे त्याची सवय होते. हळूहळू ती आमच्या पार्टीची रीतच झाली. कार्यक्रम संपला की ज्ञानोबा, म्हणजे आता सगळ्यांचे तात्या, विचारायचे, आणि नानासाहेब, व्यंकट, टाळवाला, गावातली ओळखीची माणसं, सगळी एकमेकांकडे न बघता सांगायची, "तात्या, तुमची गिटार म्हंजे काय इचारता!" मी ऐकू जात नाही हे मला ऐकू येत होतं. पण मला कुणी विचारत नव्हतं.

पुतळाबाईंचं उत्तर वेगळं असायचं. घरी परतताना त्या म्हणायच्या, "बाकीच्याचं मला काय ठावं न्हाय. मला तुमच्यामुळं सूर घावतो." ज्ञानोबांना ह्या उत्तराचं विशेष काही वाटायचं नाही. त्यांना शेवटच्या रांगेतला माणूस हवा होता. बायको तर शेजारीच बसलेली.

आणि बाई म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं. त्यांचा डावा कान माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचा. व्यंकटची पेटी ढोलकीपलीकडे, भोंग्याची तोंडं लोकांकडे. त्या गदारोळात बाईंना धरायला एकच सूर होता आणि तो माझा. कडव्याच्या शेवटी त्या किंचित डावीकडे झुकायच्या, मला ऐकायच्या आणि पुढची ओळ उचलायच्या. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

पुढची वर्षं तशी बरी गेली. गावात सहकारी दूध संस्था निघाली आणि ज्ञानोबांना तिथे दूध मापून घ्यायचं काम मिळालं. डाव्या हाताने माप घालायचे, फावल्या वेळात मला पुसायचे. मग पुन्हा कोरडी वर्षं आली. दुधाची किटली अर्धी येऊ लागली. हवा इतकी सुकी की माझ्या पाठीचा जोड उकलला. ज्ञानोबांनी बाभळीचा डिंक उकळून तो भरला आणि वरून दोरी आवळून मला आठवडाभर कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर माझा आवाज आणखी बसला. त्यांना वाटलं, जरा गोड झाला.

त्याच सुमारास संस्थेच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम झाला. संस्थेचे सेक्रेटरी रामकिसन यांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला होता. त्यांनी तो लोकांमध्ये ठेवून सगळा कार्यक्रम कॅसेटमध्ये भरून घेतला आणि रविवारी सकाळी मोठ्या हौसेने घरी आणला. "तात्या, तुमचा कार्यक्रम आणलाय. ऐका!"

नानासाहेब आले, व्यंकट आला, शेजारपाजारचे आले. पुतळाबाईंनी चहा टाकला. ज्ञानोबांनी नवा सदरा घातला होता, टेप ऐकायला नवा सदरा! नानासाहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. मी खुंटीवरून सगळं बघत होते. जमलं असतं तर मी त्या क्षणी खाली पडून घेतलं असतं, म्हणजे निदान सगळे माझ्याकडे धावले असते.

रामकिसननी बटण दाबलं. ढोलकी आली. पेटी आली. पुतळाबाईंचा आवाज आला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्ञानोबा कान देऊन बसले होते. पहिलं गाणं संपलं.

"आवाज वाढीव जरा," ते म्हणाले.

आवाज वाढवला. दुसरं गाणं आलं. त्यात किटल्यांचा खणखणाट आला, एक लेकरू रडलं, कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"मागं घे. पुन्यांदा लाव."

पुन्हा लावलं. सगळं पुन्हा आलं. मी कुठेच नव्हते.

"टेप हलकी हाय रं ही," नानासाहेब घाईने म्हणाले.

रामकिसनना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "हलकी कशी नाना? नवी कोरी हाय. कुत्रं सुदिक आलंय त्याच्यात."

ज्ञानोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ज्याच्याकडे पाहिलं त्याने मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. "चहा घ्या समदे, निवायलाय," एवढंच म्हणाले. मला त्यांची इतकी कीव आली की माझ्या तारांवर कुणी हात ठेवला असता तर त्या आपोआप वाजल्या असत्या.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला ते येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आले. नेहमीच्या जागी मांडी घालून बसले, मला मांडीवर घेतलं आणि हात सपाट तारांवर ठेवला. ढोलकी सुरू झाली तरी अंगठा हलला नाही.

पुतळाबाईंनी गाणं उचललं. पहिली ओळ सवयीने गेली. दुसऱ्या ओळीला त्या डावीकडे झुकल्या आणि तिथे त्यांना काहीच सापडलं नाही. आवाज घसरला. व्यंकटने पेटी जोरात दाबली, पण त्याने त्या आणखी गोंधळल्या. तिसऱ्या ओळीत त्या थांबल्या आणि ज्ञानोबांकडे वळून म्हणाल्या, "वाजवा की वो. मला सूर घावंना."

समोर माइक होता. सगळ्या पटांगणाने ते ऐकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "वाजवा तात्या, वाजवा!" आणि लोकांनी टाळ्यांचा गजर केला. चांगली माणसं ती, आपल्या तात्याला धीर द्यायला टाळ्या वाजवत होती. नेमकं तेच नको होतं.

ज्ञानोबांनी पुतळाबाईंकडे पाहिलं. अगदी हळू, फक्त आम्हा दोघींना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू तरी खरं बोलायचं व्हतंस."

"खरंच बोलालेय म्या. तुमची आन."

ते हसले. आजवर त्यांच्याशी जे जे गोड बोललं गेलं होतं, त्याच ढिगात त्यांनी हेही टाकलं. मग मला उचललं आणि स्टेजवरून खाली उतरले.

त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. पुतळाबाईंनी दोन-तीन कार्यक्रम करून पाहिले. सूर लागेना, म्हणून गाणं सोडलं. आता ज्ञानोबांना वाटतं की आपलं मन राखायला ही गात नाही, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागतं. त्यावरून दोघं भांडतही नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

हल्ली दुपारी बाई मला खाली घेतात, पदराने पुसतात आणि एखादी खुंटी पिळून बघतात. त्यांना तारा लावता येत नाहीत. "ही का वो ती तार? ह्यीच का?" त्या विचारतात. ज्ञानोबा बाजेवर पडलेले असतात. ते भिंतीकडे कूस वळवतात. मग बाई मला पुन्हा खुंटीला अडकवतात आणि निवडायला घेतलेली ज्वारी पुढे ओढतात. कधी गुणगुणतात, ते बेसूर असतं. मी खुंटीवरून ते ऐकते.

तुम्हा वाचणाऱ्यांशी बोलून माझं काय होणार? मला बोलायचंय ते एकाच माणसाशी, आणि तो वाचत नाही. तरी सांगते. ज्ञानोबा, ते सगळे तुमच्याशी खोटं बोलले, हे खरं आहे. माझा आवाज येशीपर्यंत कधीच गेला नाही. तो एका माणसापर्यंत जात होता, आणि ते माणूस आत्ता तुमच्या पाठीमागे बसून ज्वारी निवडतंय.