मिरचीच्या सिनेमातली जोडी

त्या सिनेमाचं खरं नाव आता फक्त सेन्सॉरच्या कागदावर उरलं असेल. आमच्याकडे त्याला ‘मिरचीचा सिनेमा’ म्हणतात. बेचाळीस वर्षांपूर्वी तो नागपुरात आठ आठवडे चालला आणि मुंबईत दीड दिवस. शेवटचं दृश्य मात्र अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. भिवापूरच्या खळ्यात लाल मिरच्यांचा ढीग, ढिगाजवळ नायक, दूर जाणारी बैलगाडी, गाडीतून वळून बघणारी नायिका. दोघांच्याही डोळ्यांना धार.

नायक आनंदराव रामटेके. पुढे कुणी काम दिलं नाही म्हणून मौद्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. नायिका सिंधूताई. सिनेमानंतर महिन्याभरात घरच्यांनी दुसरीकडे लग्न लावून दिलं; पुढे टपाल खात्यात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पडद्यावर लेखकाने दोघांना श्रीमंती-गरिबीने वेगळं केलं होतं, पडद्याबाहेर ते काम आडनावांनी केलं. आडनावांना लेखक लागत नाही.

आता त्या विधवा, हे विधुर. जोडीने सिनेमा केला एक आणि सत्कार घेतले अकरा. प्रत्येक सत्कारात कुणीतरी विचारतंच, ते रडणं खरं होतं का? आनंदराव म्हणतात, “भिवापुरी मिरची होती हो. दगड रडला असता.” सभागृह हसतं. सिंधूताई म्हणतात, “माझं ग्लिसरीन.” सभागृह टाळ्या वाजवतं. मग दोघं दोन वेगळ्या रिक्षांनी घरी जातात.

मी फिल्म सोसायटीचा सचिव. बारावा सत्कार फेब्रुवारीत ठेवला, कारण सिंधूताई कायमच्या पुण्याला, मुलाकडे चालल्या होत्या. मुलाने, गौरांगने, सोमवारचं तिकीट काढलं होतं, एकेरी. त्या आठवड्यात आनंदरावांनी मला तीनदा फोन करून त्या कोणत्या गाडीने जाणार ते विचारलं. तिन्ही वेळा शेवटी म्हणाले, “तसा मी प्रोजेक्टरबद्दल विचारायले फोन केला होता.”

प्रोजेक्टर बरा होता.

कार्यक्रमात काहीतरी नवं हवं म्हणून मी भिवापूरचे मारोतराव शोधून काढले. खळं त्यांचं, बैलगाडी त्यांची. वय ऐंशी, आवाज चाळीसचा. ‘सिनेमाला मिरची पुरवणारे शेतकरी’ असं मी जाहीर केलं आणि त्यांना शाल पांघरवली. त्यांनी ती काढली, नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

“हे मले नाही चालत गा, साहेब.”

“काहून?”

“मिरची देल्ली म्हणून सत्कार करून राहिले ना तुम्ही? मी मिरची देल्लीच नाही.”

मी माईक बाजूला करायला गेलो, पण त्यांना माईकची गरज नव्हती.

“दसऱ्याचे दिवस होते. लाल मिरची आमच्याकडे माघात निघते. तेव्हा झाडावर बोटभर हिरवी होती. मंग तुमच्या सिनेमावाल्यानं तेलघाणीवरून भुईमुगाचे टरफलं आणले, लाल रंगात बुडवले अन् माह्या खळ्यात वाळू घातले. माह्या कोंबड्या आठ दिवस लाल पायानं फिरल्या.”

सभागृहात निम्मे लोक शेतकऱ्यांच्या घरचे. बेचाळीस वर्षं त्यांनी तो ढीग पाहून डोळे पुसले होते, पण दसऱ्याला लाल मिरची आली कुठून, हे एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. आम्ही हसलो. मग हळूहळू हसू थांबलं, कारण सगळ्यांचं लक्ष आनंदरावांकडे गेलं. ते पेल्यातून पाणी पीत होते. पेला रिकामा होता.

सिंधूताईंनी माझ्या हातातला माईक घेतला. शाल राहिली माझ्याकडेच.

“मी तो ढीग जवळून पाहिलाच नाही,” त्या म्हणाल्या. “माझा गाडीतला शॉट सोमवारी झाला. त्याच दुपारी बाबा मले न्यायले आले, अन् मी एस्टीनं नागपूरले. ह्यांचा क्लोजअप मंगळवारी घेतला.”

पडद्यावर एकमेकांकडे बघून रडणारी ही जोडी त्या क्षणी सत्तर किलोमीटर लांब होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

“मग मंगळवारी हे कोणाकडे पाहून राहिले होते?” त्यांनी मारोतरावांना विचारलं.

“माह्या बैलाकडे,” मारोतराव म्हणाले. “नजर कुठं ठेवायची म्हणून त्याले तिथं उभा केला होता. हे असे रडले, असे रडले का बैल दोन पावलं मागं सरकला. डायरेक्टरनं कट म्हटलं, तरी हे थांबेना.”

सिंधूताई आनंदरावांकडे वळल्या.

“टरफलं डोळ्यांत जातात का हो, आनंदराव?”

“नाही जात.”

“बेचाळीस वर्षं मिरचीचं नाव पुढं करून राहिले तुम्ही. मग काय झालं होतं?”

आनंदरावांनी पेला खाली ठेवला. ड्रॉइंग मास्तराने सरळ रेघ ओढावी तसं एकच वाक्य म्हणाले.

“तुमची एस्टी सुटून गेली होती.”

पुढच्या रांगेतून एक बाई “अगं माय!” म्हणाल्या. त्यानंतर माझं आभारप्रदर्शन होतं. मी ते केलं नाही. सचिवपदाच्या नऊ वर्षांत मी समाजासाठी केलेलं हे एकमेव ठोस काम.

बाहेर व्हरांड्यात सिंधूताईंनी गौरांगला फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर, त्यामुळे आम्हीही कुटुंबातलेच झालो.

“सोमवारचं तिकीट रद्द कर, बाबू. नाही, तब्येत ठणठणीत आहे. भिवापूरले जाऊन राहिली मी. मिरची पाहायले.”

“आई, मिरची पुण्यातही मिळते.”

“मिळत असंल,” त्या म्हणाल्या. “पुढचं तिकीट मी सांगेन तेव्हा काढ. जाण्या-येण्याचं काढ.”

आनंदराव चार पावलांवर उभे राहून भिंतीवरची सूचना वाचत होते. सूचना पाण्याच्या टाकीबद्दल होती आणि चार ओळींची होती. फोन बंद झाला तेव्हा त्यांचंही वाचून संपलं.

“मारोतराव,” त्यांनी विचारलं, “ह्या वेळेस तरी आहे ना खळ्यात खरी मिरची?”

“खळं भरून आहे. रुमाल आणजा दोघंबी.”

“एकच रिक्षा सांगा स्टँडपर्यंत,” सिंधूताई मला म्हणाल्या. “सकाळची एस्टी किती वाजता आहे, ते विचारून घेऊ.”

मी रिक्षा थांबवली. दोघं बसले. मारोतराव माझ्याकडे आले आणि हात पुढे केला.

“आणा ते शाल इकडं. उद्या मिरची देऊनच राहिलो ना मी.”